घरच्या गॅरेजमध्ये लख्ख उजेड : एलईडी दिव्यांचे गणित आणि मांडणी



'विद्युतधारा' आणि 'प्रकाश' हे दोन पाठ आपण वर्गात शिकतो, त्यातली उदाहरणं सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. आज हे दोन्ही पाठ आपण एका गॅरेजमध्ये घेऊन जाणार आहोत. गॅरेज म्हणजे हायवेवरचं मोठं गॅरेज नव्हे, तर घराला लागून असलेली, शटर लावलेली गाडीची खोली.

आमच्या शेजारी आप्पा राहतात. आयुष्यभर मेकॅनिकचं काम केलं, आता निवृत्त. संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या सायकली, कुणाची स्कूटर असं काहीतरी त्यांच्या गॅरेजमध्ये चालूच असतं. एका संध्याकाळी मोटारसायकलची चेन बसवताना त्यांचं बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडलं. चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर म्हणाले, "सर, आता डोळे साथ देत नाहीत. हत्यारं विकून टाकतो."

मी गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं. मधोमध ६० वॉटचा एक पिवळा बल्ब, भिंती धुराने आणि ग्रीसने काळवंडलेल्या, आणि कामाचं टेबल मागच्या भिंतीला. म्हणजे आप्पा टेबलाशी उभे राहिले की बल्ब त्यांच्या पाठीमागे आणि त्यांचीच सावली त्यांच्या हातावर! वय झालं की डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं आणि डोळ्याच्या पडद्यापर्यंत कमी प्रकाश पोचतो हे खरं आहे. पण इथे विशीतल्या मुलालाही नीट दिसलं नसतं. दोष डोळ्यांचा कमी आणि उजेडाचा जास्त होता.

वॉट म्हणजे उजेड नव्हे

"६० चा पुरत नाही ना, मग १०० चा लावा," असं आपण सहज म्हणतो. पण वॉट हे विद्युत शक्तीचं एकक आहे. दिवा दर सेकंदाला किती वीज-ऊर्जा खातो ते वॉट सांगतं. दिवा उजेड किती देतो ते सांगणारं एकक वेगळं, त्याचं नाव ल्युमेन. आणि तो उजेड पृष्ठभागावर किती पडतो ते मोजायचं एकक लक्स. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश समान पसरला की तिथे एक लक्स उजेड झाला.

एक सोपं उदाहरण घ्या. टाकीचा नळ मिनिटाला किती लिटर पाणी देतो ते झालं ल्युमेन. शेतातल्या एका वाफ्याला त्यातलं किती पाणी मिळालं ते लक्स. नळ तोच राहिला आणि वाफे वाढले, तर प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार.

६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन उजेड देतो. त्याने घेतलेल्या ऊर्जेतली ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून निघून जाते. तेवढाच किंवा थोडा अधिक उजेड आजचा ९ वॉटचा एलईडी बल्ब देतो. म्हणून दुकानात गेल्यावर "किती वॉटचा?" याबरोबर "किती ल्युमेनचा?" हेही विचारायचं. खोक्यावर ते छापलेलं असतं.

एलईडी उजेड कसा देतो?

एलईडीमध्ये तापून लाल होणारी तार नसते. दोन प्रकारच्या अर्धवाहकांचा एक सांधा असतो. एका बाजूला इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त. धारा सोडली की इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागांत पडतात आणि सुटलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर येते.

दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये तयार केला. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो जमायला पुढे जवळजवळ तीस वर्षं गेली. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना याच कामासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातल्या पांढऱ्या दिव्यातही आत निळाच एलईडी असतो. त्यावर फॉस्फर नावाच्या पदार्थाचा पिवळा थर असतो. निळा आणि पिवळा प्रकाश मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो.

गॅरेजला किती उजेड हवा?

नुसती गाडी आत-बाहेर करायची असेल तर ५० ते ७५ लक्स पुरतात. हत्यारं हाताळायची, नट-बोल्ट खोलायचे तर २०० ते ३०० लक्स पाहिजेत. बारीक काम, म्हणजे कार्ब्युरेटरची जेट किंवा वायरिंगची जोडणी करायची तर टेबलावर ५०० लक्स तरी हवेत.

आता आप्पांच्या गॅरेजचं गणित करू. लांबी ५ मीटर, रुंदी ३ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर.

दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश कामाच्या जागी पोचत नाही. काही भिंती शोषून घेतात, काही धुळीत जातो. भिंती आणि स्लॅब पांढरे असतील तर साधारण ६० टक्के प्रकाश पोचतो असं धरू, काळवंडलेल्या भिंतींना ४० टक्के. शिवाय दिव्यावर धूळ बसते, दिवा जुना होतो, म्हणून आणखी ०.८ ने गुणायचं.

आधीची स्थिती : ७०० × ०.४ × ०.८ ÷ १५ = सुमारे १५ लक्स.

हवे होते २०० आणि होते १५! तेही अंगाची सावली धरलेली नाही. आप्पांना गणित दाखवलं तेव्हा ते नुसतं "अरेच्चा!" एवढंच म्हणाले.

आता उलटं गणित. २०० लक्स हवेत, तर २०० × १५ = ३००० ल्युमेन कामाच्या पातळीवर पोचायला हवेत. भिंतींना पांढरा रंग द्यायचा असं ठरवलं, म्हणून ३००० ÷ (०.६ × ०.८) = ६२५० ल्युमेन.

चार फुटी, २० वॉटच्या एलईडी बॅटनवर (म्हणजे पट्टीसारख्या ट्यूबवर) २००० ल्युमेन छापलेलं होतं. तीन घेतल्या तर ६०००, म्हणजे जरा कमी. चार घेतल्या तर ८००० ल्युमेन, म्हणजे साधारण २५६ लक्स. चार ठरल्या. टेबलासाठी दोन फुटी, १० वॉटची एक वेगळी.

दिवे कुठे लावायचे?

इथेच बहुतेक जण चुकतात. चारही दिवे मधोमध एका रांगेत लावले, तर गाडी उभी केल्यावर सगळा उजेड गाडीच्या टपावर पडतो आणि दारं-चाकं अंधारात राहतात. म्हणून दोन रांगा करायच्या, गाडीच्या डाव्या-उजव्या अंगाला.

एक सोपा नियम लक्षात ठेवा : दोन रांगांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या निम्मं अंतर रांग आणि भिंतीमध्ये. आप्पांच्या गॅरेजची रुंदी ३ मीटर. म्हणून रांगांमध्ये दीड मीटर आणि दोन्ही भिंतींपासून ७५ सेंटिमीटर. शटर वर गुंडाळलं की त्याचा ड्रम पुढच्या बाजूला जागा खातो, तेवढी जागा सोडून पुढचे दिवे घ्यायचे.

टेबलावरचा दिवा माणसाच्या पाठीमागे नको, डोक्यावरही नको. तो माणूस आणि भिंत यांच्या मध्ये, डोळ्यांत थेट उजेड येणार नाही असा पट्टीच्या आडोशाला लावायचा. मग सावली हातावर न पडता मागे पडते. शिवाय दिवा जवळ आला की उजेड झपाट्याने वाढतो. लहानशा बल्बच्या बाबतीत अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट होतो. लांब ट्यूबला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण फायदा होतोच.

भिंतींचा पांढरा रंग हाही एक दिवाच समजा. तो वीज खात नाही.

खोक्यावर काय वाचायचं?

ल्युमेन आणि वॉट पाहिल्यावर केल्विन पाहायचं. ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ४००० मध्यम पांढरा, ६५०० निळसर पांढरा. कामासाठी ४००० ते ६५०० मधला चालतो. मग रंगदर्शक निर्देशांक, ज्याला दुकानात सीआरआय म्हणतात, तो ८० किंवा जास्त हवा. तो कमी असेल तर तपकिरी आणि लाल वायर सारखीच दिसू शकते आणि वायरिंगच्या कामात ते महागात पडतं. बीआयएसचं चिन्ह आहे ना, तेही बघा.

आणखी एक गोष्ट खोक्यावर बहुधा नसते, ती म्हणजे लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्यांना ते कळत नाही. पण ग्राइंडरच्या चाकाचा वेग आणि ही लुकलुक यांचा मेळ बसला, तर फिरतं चाक थांबल्यासारखं किंवा हळू फिरत असल्यासारखं दिसू शकतं. ते किती धोक्याचं आहे ते सांगायला नको. चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर धारा स्थिर ठेवतो, स्वस्तातला ठेवीलच असं नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रीकरण करून बघा. उजेड ठळकपणे कमी-जास्त होताना दिसला तर तो दिवा गॅरेजला नको.

जोडणी : पुस्तकातली आणि खरी

घरातले दिवे समांतर जोडणीत असतात. त्यामुळे प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि एक गेला तरी बाकीचे चालू राहतात. एकसर जोडणीत एक गेला की सगळे जातात.

वायरमन ज्याला 'फेज' म्हणतो ती आपल्या पुस्तकातली विद्युन्मय तार. बटण नेहमी याच तारेवर हवं. ते तटस्थ तारेवर बसवलं तर दिवा विझलेला दिसतो, पण त्याच्यापर्यंत वीज आलेलीच असते. दिव्यांची पाठ धातूची असेल तर भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, हवंच.

पाचही दिवे मिळून ९० वॉट. ९० ÷ २३० = सुमारे ०.४ अँपिअर. प्रत्यक्षात थोडी जास्त धारा लागते, तरी दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ अँपिअरचा एमसीबी भरपूर झाला. ग्राइंडर-ड्रिलचा प्लग मात्र या लाइनवर घ्यायचा नाही, त्याला वेगळा एमसीबी. ग्राइंडर अडकून एमसीबी पडला आणि त्याच क्षणी दिवेही गेले, तर चाक अजून फिरत असतं आणि माणूस अंधारात! घराच्या मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर शॉकपासून मोठं संरक्षण मिळतं. तो नसेल तर बसवून घ्या.

बटणं तीन ठेवली : दोन रांगांना एकेक आणि टेबलाला एक. नुसती गाडी लावायची तर एकच रांग पुरते.

मुलांनो, एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. मोजमाप, आकृती आणि गणित हे तुमचं काम. तारेला हात लावणं हे परवानाधारक वायरमनचं काम. आम्हीही तेच केलं. मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि मगच वायरमनने काम सुरू केलं. गॅरेजला पत्र्याचं छत असेल तर दिवे पत्र्याला चिकटवू नका, वीतभर खाली घ्या. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि उष्णतेने एलईडीच्या ड्रायव्हरचं आयुष्य घटतं.

बिल किती वाढलं?

९० वॉट रोज ३ तास, म्हणजे २७० वॉट-तास. महिन्याला ८.१ युनिट. एवढाच, म्हणजे सुमारे ९००० ल्युमेन उजेड तारेच्या बल्बांनी घ्यायचा तर जवळपास ७५० वॉट लागले असते, म्हणजे महिन्याला ६७.५ युनिट. दोन्हींना तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा.

दिवे लागले त्या संध्याकाळी आप्पा पहिल्यांदा टेबलाशी उभे राहिले आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसले. हातावर सावली नव्हती. हत्यारं विकायचा विषय पुन्हा निघालेला नाही. टाक्यांची खूण बोटावर आहे, आणि दर शनिवारी गल्लीतली दोन मुलं त्यांच्याकडे पंक्चर काढायला शिकतात.

घरी करून पाहा

१. तुमच्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर उभं राहून बघा. दिवा पाठीमागे आहे की समोर? भाजी चिरणाऱ्या हातावर सावली पडते का?

२. त्या खोलीची लांबी-रुंदी मोजा, दिव्यावरचे ल्युमेन वाचा आणि वरच्या रीतीने लक्स काढा.

३. मोबाइलच्या लक्स मीटर अ‍ॅपने मोजून पाहा. आकडा तंतोतंत नसतो, पण ओट्यावर आणि दाराशी उजेड किती वेगळा आहे हे नक्की कळेल.

४. तुमच्या आकृतीत दिवा कुठे हलवाल ते दाखवा आणि कारण लिहा.

वही सोमवारी घेऊन या. आणि ज्यांच्या घरी ओट्यावर सावली पडते, त्यांनी ती आकृती आधी घरच्यांना दाखवा, मग मला.