वीरगळात नसलेला शिपाई

शीव म्हणजे सीमा. जिथे इंग्रजांचे मुंबई बेट संपत असे आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होत असे, त्या हद्दीवरच्या टेकडीवर १६६९ ते १६७७ या काळात, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या कारकिर्दीत, जो शीवचा किल्ला बांधला गेला, त्याच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर एका शिल्पकाराची कार्यशाळा आहे. गेल्या पावसाळ्यापासून बहुतेक रविवारी सकाळी मी तिथे एका बाकावर बसून, पहिल्या महायुद्धातल्या एका अनामिक मराठा शिपायाची मूर्ती मातीतून कशी वर येते, ते पाहत आलो आहे.

सामान्य शिपायाचे स्मारक करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. गावाच्या शिवेवर किंवा देवळाच्या आवारात शेंदूर माखून उभे असलेले वीरगळ हे तेच स्मारक होय: तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि शिरोभागी चंद्रसूर्य, म्हणजे ते दोघे आहेत तोवर ही कीर्ती राहील याची ग्वाही. बोरिवलीनजीक एकसर येथे असे सहा वीरगळ आहेत; त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ गलबते कोरलेली आहेत आणि अभ्यासक त्यांचा संबंध तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव संघर्षाशी जोडतात. परंतु जो लढाईत पडला नाही, जो शत्रूच्या हाती लागला, उपाशीपोटी चालत राहिला आणि वाटेत कुठेतरी बसला तो उठलाच नाही, त्याच्यासाठी या चौकटींत जागा नाही. वीरगळाच्याच घडणीच्या या उठावशिल्पात ती जागा निर्माण करण्याचा हा उद्योग आहे, आणि म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो.

विषय आहे कूट-अल-अमारा. आजच्या इराकमधल्या, तैग्रिस नदीच्या वळणावरच्या त्या गावात, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपले तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि धर्मभावनेने ते मांस नाकारणारे हिंदी शिपाई झपाट्याने खंगत गेले. अखेर सुमारे १३ हजार माणसे, नोकरचाकर धरून, शरण आली. बगदाद, समरा, तिक्रीत, मोसूल असे मुक्काम करीत, त्यातला बहुतेक मार्ग पायी तुडवीत, यांतले हिंदी युद्धकैदी रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर पोहोचले. जे पोहोचले ते.

काम असे चालते. लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांना तार गुंडाळलेली असते, तिच्यावर शाडूचा थर चढतो, आणि रात्री माती तडकू नये म्हणून सगळ्यावर ओले गोणपाट पांघरले जाते. पहिल्या महिन्यात चेहरा तयार झाला तेव्हा तो मला उत्तम वाटला होता. खोल गेलेले गाल, कपाळावर आठ्या. शिल्पकारांनी तो एका सकाळी अंगठ्याने मोडला. मी हळहळलो तेव्हा ते म्हणाले, “अहो, हा म्हातारा झाला. उपाशी माणूस म्हातारा दिसत नाही, तो लहान दिसतो.” मग कानशिलांपाशी माती काढून घेतली, डोळे आहेत तेवढेच ठेवले, मानेच्या दोन शिरा कोरणीने वर आणल्या, आणि तासाभरात माझ्यासमोर विशीतला एक पोर उभा राहिला.

पायांना याहून अधिक दिवस लागले. भाकरीसाठी पुष्कळ कैद्यांनी अंगावरचे कपडे आणि पायातले बूट विकले होते. म्हणून या शिपायाच्या पायांना चिंध्या आहेत. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून शिल्पकारांनी आपल्या विद्यार्थ्याच्या पावलांना बांधल्या, त्याला अंगणात दहा फेऱ्या चालवले, आणि कापड टाचेखाली कसे गोळा होते, अंगठा कुठून बाहेर येतो, हे पाहूनच मातीला हात लावला.

वरच्या चौकटीत प्रथम शिवलिंग होते. तेही त्यांनी काढले, कारण या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही होते. आता तिथे केवळ चंद्रसूर्य आहेत. हा निर्णय मला योग्य वाटतो. ती मोकळी जागा पाहणाऱ्याला बोचेल, आणि ती बोचावी.

नावाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. १९२९ साली उभारलेल्या बसरा स्मारकावर त्या आघाडीवरच्या ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे तिथे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या आली. सैन्यात मराठा पलटणीच्या जवानाला प्रेमाने ‘गणपत’ म्हणतात. शिल्पाच्या तळाशी तेच एक नाव घालावे, असा विचार चालला होता. माझा त्याला विरोध आहे. प्रेमाचे झाले तरी ते साऱ्या पलटणीचे नाव आहे, आणि या पोराला त्याच्या आईने काहीतरी वेगळे नाव ठेवले असेल.

ते नाव कुठे सापडेल, हे सांगता येते. त्या युद्धात हिंदी शिपायांना मिळालेल्या चांदीच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. मेलेल्याचे पदक त्याच्या घरी जाई. सातारा, रत्नागिरी, रायगड (तेव्हाचा कुलाबा) या भागांतल्या कित्येक घरांच्या ट्रंकांत अशी पदके पडून असतील. आपल्या घरी असे एखादे असेल, तर ते चांदीच्या भावाने सोनाराच्या तराजूत घालण्यापूर्वी त्याची कड उजेडात धरून, कृपा करून, एकदा वाचा.