पाचोळ्याची न संपणारी फरशी

घरात एखादी छापील सुती चादर असेल तर ती जमिनीवर पसरा बघू. तिच्यावरचं एक फूल निवडा आणि त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. आता अगदी तस्संच फूल, त्याच वाकड्या देठासकट, पुन्हा कुठे आलंय ते शोधा. सापडलं? दोघांमधलं अंतर पट्टीनं मोजा. तेवढंच अंतर पुढे गेलात की तिसरं फूल हजर! म्हणजे अख्खी चादर कुणी रंगवत बसलेलं नाही. एक तुकडा तयार केला आणि तोच शेजारी शेजारी छापत नेला. पण तो तुकडा नेमका कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हे मात्र डोळे फाडफाडून पाहिलं तरी कळत नाही.

असाच तुकडा कॉम्प्युटरवर करता येतो, आणि तोही आपल्याच अंगणातल्या पाचोळ्याचा! त्याला 'सीमलेस टाइल' म्हणतात. सीम म्हणजे शिवण. शिवण न दिसणारी फरशी म्हणा ना!

याची गरज का पडली? १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरमध्ये वेब पानाच्या मागे चित्र पसरण्याची सोय आली. त्या काळचा २८.८ किलोबिटचा मोडेम सेकंदाला फार तर ३,६०० बाइट आणायचा. लाखभर बाइटचं चित्र यायला जवळजवळ अर्धा मिनिट! मग लोकांनी शक्कल लढवली : चित्र छोटंसंच पाठवायचं, कॉम्प्युटर तेच फरशीसारखं मांडत जाईल. आज नेट वेगवान झालं, तरी युक्ती जुनी झालेली नाही. कॉम्प्युटर गेममधलं गवताचं मैदान बहुतेक वेळा असंच एका तुकड्यातून पसरलेलं असतं.

आपण वापरू 'गिंप'. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोघे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी १९९५ मध्ये हा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि १९९६ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. तो आजही फुकट मिळतो. (आई-बाबांनो, उतरवताना गिंपच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा.)

आधी फोटो. झाडाखाली पाचोळा पडलाय, त्याच्या अगदी वर कॅमेरा धरा, तिरका नको. तिरका धरलात तर जवळची पानं मोठी आणि लांबची छोटी येतील, मग कडा जुळायच्या कशा? आणि ऊन नको! ढगाळ दिवस सगळ्यात उत्तम. उन्हात एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली येते, आणि फरश्या मांडल्या की बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके दिसतात.

फोटो गिंपमध्ये उघडा, चौकोनी कापा आणि ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा करा. आता याची डावी कड उजव्या कडेला जुळते का? मुळीच नाही. पण कडा तर चित्राच्या बाहेरच्या बाजूला, तिथे दुरुस्ती करणार कशी? इथेच खरी गंमत आहे. 'लेयर' मेनूत 'ट्रान्सफॉर्म', त्यात 'ऑफसेट'. तिथे रुंदी आणि उंची निम्म्यानं सरकवायला सांगा आणि 'रॅप अराउंड' निवडा. चित्र उजवीकडे २५६ पिक्सेल सरकतं आणि जे बाहेर पडतं ते डावीकडून आत येतं. खाली-वरही तसंच. बाहेरच्या चारही कडा आता मधोमध येऊन अधिकच्या चिन्हासारख्या उभ्या राहिल्या! आणि नव्या बाहेरच्या कडा? त्या मुळात फोटोच्या मधल्या, एकमेकांना चिकटलेल्या. त्या जुळणारच.

अजून कोडं वाटतंय? कागदाच्या डाव्या-उजव्या कडा जोडल्या की नळी होते. ती नळी रबराची आहे असं समजा आणि तिची दोन तोंडं जोडा. झाला मेदूवडा! मेदूवड्यावर मुंगी कितीही चालली तरी तिला कड लागत नाही. आपलं चित्र तसंच आहे. कात्री कुठून चालवायची एवढंच आपण बदललं.

आता मधला सांधा बुजवायचा. रबरी शिक्क्याचं चित्र असलेलं 'क्लोन' हे हत्यार घ्या. कंट्रोलचं बटण दाबून एखाद्या चांगल्या पानावर क्लिक करा, मग सांध्यावर रंगवा. ते पान तिथे उमटतं. ब्रशची कड मऊ ठेवा आणि पान अर्धवट नको, पूर्ण उमटवा. घाई केलीत तर पाचोळ्याऐवजी चिखल दिसेल!

एक खबरदारी. अधिकच्या चिन्हाची चार टोकं बाहेरच्या कडांना टेकलेली असतात. तिथे रंगवायला गेलात तर नव्यानं जुळलेली कड बिघडेल. ती टोकं तशीच सोडा, पुन्हा 'ऑफसेट' करा, पण या वेळी १२८-१२८ पिक्सेलच. टोकं आपोआप आत येतात, मग बुजवा. (पुन्हा निम्म्यानंच सरकवलंत तर ती कडेवरच राहतील, करून बघा!)

'फिल्टर्स'मधल्या 'मॅप'मध्ये 'टाइल सीमलेस' नावाचं आयतं बटणही आहे. ते चित्रावर सरकवलेलं चित्र विरघळवतं. ढग किंवा वाळू असेल तर छान जमतं, पण पानं भुतासारखी आरपार दिसतात. पाचोळ्याला हातच लावावा लागतो.

तिथलंच 'टाइल' वापरून चित्र चौपट-पाचपट पसरून पाहा. सांधा दिसत नाही ना? मग डोळे किलकिले करा. एखादं पिवळंधमक पान दर फरशीत त्याच जागी चमकतंय का? आपला डोळा असलं काही फार चटकन पकडतो. एकटं असताना ते पान देखणं होतं, आता मात्र कवायतीला उभं राहिल्यासारखं वाटतं. त्याला क्लोननं झाका. बिचारं! पण इलाज नाही. पार्श्वभूमीत हीरो चालत नाही.

काम झालं की 'एक्सपोर्ट' करून पीएनजी साठवा. जेपीजी जागा वाचवण्यासाठी चित्रातले बारकावे थोडे गाळतं, त्यामुळे कडांचा मेळ किंचित बिघडू शकतो.

घरी कॉम्प्युटर नाही? मग चौकोनी कागदाच्या मधोमध पानं काढा, कडांना स्पर्श न करता. कागद उभा मधोमध कापा, डावा-उजवा तुकडा अदलाबदल करून मागून चिकटपट्टी लावा. मग आडवा कापून वरचा खाली, खालचा वर. मध्ये आता कोरी जागा उरलीय, तिथे आणखी पानं काढा, पुन्हा कडा सोडून. याच्या बारा झेरॉक्स काढल्यात तर चार बाय तीनचा अख्खा तक्ता होतो, आणि पानं रंगवायला धाकट्या भावंडांनाही बसवता येतं.