माथेरानची रपेट आणि घोड्याचा बदलता काळ

नेरळहून घाट चढून आलेली टॅक्सी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि मोटारीचे राज्य तिथेच संपते. पुढची अडीच-तीन किलोमीटरची वाट लाल मातीची आणि गर्द सावलीची आहे. ती पायी चालावी, अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीने जावे, अलीकडे आलेल्या ई-रिक्षात बसावे किंवा घोड्यावर स्वार व्हावे. पर्यटकाचे सामान अजून गाडीतून उतरलेलेही नसते, तोच लगाम हाती धरलेले घोडेवाले त्याच्याभोवती जमा होतात. मुंबईच्या गर्दीतून दोन-तीन तासांत इथे पोहोचलेल्या माणसाला तो गलका नकोसा वाटतो. तो एक तर घाईघाईने भाव ठरवतो किंवा मान फिरवून पुढे निघतो. दोन्हीही प्रकारांत घोड्याकडे नीट पाहायचे मात्र राहून जाते.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे पठार १८५० साली ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट याच्या नजरेत भरले. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने पुढे त्याला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. नेरळ ते माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने १९०७ मध्ये धावू लागली. मोटारीला मात्र या गावाने दार उघडले नाही. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला आणि रुग्णवाहिका, अग्निशामक यांसारखे अपवाद वगळता वाहनबंदी अधिक भक्कम झाली.

याचा अर्थ असा, की इथला घोडा चौपाटीवरच्या घोड्यासारखा केवळ हौसेसाठी ठेवलेला नाही. गॅसच्या टाक्या, किराणा, भाजीपाला, बांधकामाचे सामान हे सारे पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांच्या पाठीवरून आणि हमालांच्या डोक्यावरून वर आले. पर्यटकांना नेणारे परवानाधारक घोडेच साडेचारशेहून अधिक आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार गावाची वस्ती साडेचार हजारांच्या आत आहे. घरटी हिशेब मांडला, तरी घोड्यावर किती चुली अवलंबून आहेत याचा अंदाज येतो.

खरे तर घोडा हा आपल्या ओल्या किनारपट्टीचा प्राणी नव्हे. गोव्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. अरबस्तान आणि होर्मुझहून जहाजांत भरून आलेले घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाटावरच्या राज्यांकडे रवाना होत. १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर आफोन्सो द आल्बुकर्क याने हा व्यापार गोव्याकडेच वळवण्याचा आटापिटा केला, कारण विजयनगर आणि विजापूर या दोन्ही दरबारांना घोडा हवा होता आणि त्यावरची जकात तिजोरी भरणारी होती. दमट हवेत खूर मऊ पडतात, तळव्याला कुजकी लागते, माश्या पिच्छा सोडत नाहीत. माथेरानच्या धो धो पावसातही घोड्याची हीच गत होते. त्यामुळे इथे घोडा टिकवणे हे मुळातच खर्चाचे आणि कष्टाचे काम आहे.

अशा घोड्यावर तासभर बसायचे, तर काही गोष्टी निवांतपणे पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे पाठ. खोगिराखालची घडी किंचित उचलून दाखवण्याची विनंती केली, तर चांगला घोडेवाला बिचकत नाही. पाठीवर किंवा तंगाच्या पट्ट्याखाली ओली जखम असेल, तर तो घोडा सोडावा. जखमेवर वजन पडले की जनावर उसळते आणि ते दुखणे स्वाराच्याही अंगावर येते. दुसरी गोष्ट पायांची. घोडा चार पावले चालवून पाहावा. पुढचा पाय टेकताना मान वर झटकत असेल, तर तो लंगडतो आहे असे समजावे. नाल सैल असेल, तर फरसबंद वाटेवर टापेचा आवाज एकसारखा येत नाही. सरावलेला कान ते ओळखतो. साधारण दीड महिन्याने नाल बदलावी लागते आणि नालबंदाच्या हातातच घोडेवाल्याची अर्धी अब्रू असते.

वजनाबद्दल बोलायला बहुतेकांना संकोच वाटतो, पण खरी गोम तिथेच आहे. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका भार वाहावा, असा जाणकारांचा सर्वसाधारण दंडक आहे. डोंगरी वाटेवरचा लहान चणीचा घोडा ३०० किलोचा धरला, तर हा भार खोगिरासह ६० किलो होतो. ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टासाठी ७० किलोची कमाल मर्यादा घातलेली आहे. दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये; पारा ३७ अंशांवर जात असेल, तर दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर कामाला लावू नये, असेही हे नियम सांगतात. धष्टपुष्ट गृहस्थाने थोराड घोडा मागावा, नसेल तर सरळ चालावे. मांडीवर मूल घेऊन बसणे तर दोघांच्याही जिवाशी खेळ आहे.

भाव ठरवताना नुसती रक्कम बोलून भागत नाही. कोणकोणते पॉइंट, तिथे किती वेळ थांबायचे, परतीची फेरी धरली आहे की नाही आणि एका घोडेवाल्याच्या हाती किती घोडे असतील, हे चारही प्रश्न आधीच निकालात काढावेत. घोड्याचा परवाना क्रमांक लक्षात ठेवावा. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांची दिशाभूल होते या तक्रारीवरून गावातल्या लोकांनीच बंद पुकारला होता. दस्तुरीवर छोटी गाडी किंवा ई-रिक्षा मिळणारच नाही असे कोणी सांगू लागले, तर स्थानकावर जाऊन विचारावे. ते चार पावलांवर आहे. सगळेच घोडेवाले तसे वागतात असे मात्र नव्हे. चार-दोघांच्या लबाडीचे ओझे बाकीच्यांना उचलावे लागते.

आता प्रत्यक्ष स्वारी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. दिसत नाही ते नेमके शेपटीमागचे आणि नाकासमोरचे. म्हणून मागून जाऊ नये, खांद्याच्या बाजूने, हलक्या आवाजात बोलत जवळ जावे. चढताना डावी बाजू धरण्याची रीत जगभर आहे. कमरेच्या डाव्या अंगाला तलवार लटकत असे, तेव्हापासूनची ही सवय असल्याचे सांगतात. त्याआधी तंग ताणून घ्यायला सांगावे. तो कसताना पुष्कळ घोडे छाती फुगवतात आणि नंतर पट्टा सैल पडतो. स्वार चढतानाच खोगीर एका कुशीला कलंडते ते यामुळेच.

रिकिबीत पाऊल पुरते खुपसू नये, चवड्यापर्यंतच ठेवावे आणि टाच खाली दाबावी. पडण्याची वेळ आली तर पाय सुटला पाहिजे. रिकिबीत पाय अडकून फरपटत जाणे हा पडण्याहूनही भयंकर प्रकार आहे. सपाता किंवा चपला घालून बसण्यात धोका आहे तो याचसाठी. टाचेचा बूट उत्तम. घोड्यावरून पडून पर्यटकांचा मृत्यू झाल्याच्या दुर्दैवी घटना माथेरानात यापूर्वी घडल्या आहेत. तेव्हा डोक्याला हेल्मेट मागून घ्यावे आणि ते घालायला लाजू नये.

लगाम घट्ट आवळून धरण्याचा मोह नवख्याला हमखास होतो. कडियाळे घोड्याच्या तोंडात, जिभेवर आणि हिरड्यांवर बसते. जितके ओढावे तितके ते बोचते आणि घोडा मान वर करून पळ काढू पाहतो. घोडेवाला पुढे दोर धरून चालत असेल, तर स्वाराने एक हात खोगिराच्या उंचवट्यावर ठेवून स्वस्थ बसावे हेच शहाणपणाचे. चढावर अंग थोडे पुढे झुकवावे, उतारावर किंचित मागे रेलावे. एरवीही घोड्याच्या वजनाचा मोठा भाग पुढच्या पायांवर असतो आणि उतारावर स्वार पुढे वाकला, तर तो भार आणखी वाढून घोडा गुडघ्यावर येतो.

चालीचेही सांगायला हवे. साध्या चालीत चारही पाय एकामागून एक टेकतात आणि पाठ पाळण्यासारखी हलते. दुडकी चाल धरली की तिरक्या जोडीचे दोन पाय एकाच वेळी पडतात, दर पावलाला स्वार वर उडतो आणि मांड कच्ची असलेल्याचे कंबरडे मोडते. “साहेब, जरा पळवू का?” हा घोडेवाल्याचा प्रश्न प्रेमाचा असतो, बक्षिशीच्या आशेचाही असतो. पहिल्यांदाच बसलेल्याने “नको, दादा, चालीनेच घ्या,” म्हणावे. वाटेवर माकडे आहेत, पायी चालणारी लहान मुले आहेत, कुठेतरी अचानक फुरफुरणारी प्लास्टिकची पिशवी आहे. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याला भ्यायला फार मोठे निमित्त लागत नाही.

वाटेत लाड म्हणून बिस्किटे, वेफर्स भरवण्याची अनेकांना हौस असते. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले बाधले, तर ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही आणि पोटशुळाने धडधाकट घोडाही दगावतो. खाऊच द्यायचा तर घोडेवाल्याला विचारून, उघड्या तळहातावर गाजराचा तुकडा द्यावा.

घोडा कुठे न्यावा, हा प्रश्न सोपा आहे. पहिल्या वेळी शार्लोट तलावाची सावलीची वाट घ्यावी, वाटल्यास पुढे इको पॉइंट जोडावा. उत्तरेचे पॅनोरमा सूर्योदयासाठी नावाजलेले असले, तरी लांब आहे आणि तितका वेळ खोगिरात काढल्यावर मांड्या बोलू लागतात. कड्याच्या अगदी टोकाला घोडा नेऊच नये. काही पावले अलीकडे उतरून चालत जावे. जांभ्याची लाल धूळ उडते, म्हणून पांढरे कपडे घालून गेलेला माणूस संध्याकाळी गेरूत बुचकळल्यासारखा दिसतो. हा भाग कोणी आधी सांगत नाही.

या सगळ्या व्यवहाराखालची जमीन गेल्या काही वर्षांत हलू लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ई-रिक्षांना प्रायोगिक परवानगी दिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या दस्तुरी ते गाव धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढत नेणे थांबावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. शाळकरी मुले, आजारी माणसे, वृद्ध यांना ई-रिक्षा हवीच होती. घोडेवाल्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ओझे वाहणारा घोडा गावाची गरज होता, तोवर त्याला बारमाही काम होते. आता गावाच्या मुख्य रस्त्यावरची प्रवाशांची ने-आण त्याच्या हातून सुटू लागली आहे आणि उरते आहे ती हौशी रपेट. हौस शनिवार-रविवारी येते, मेच्या सुट्टीत येते, पावसाळ्यात येत नाही.

इथे यंत्र आणि जनावर यांतला फरक बोचतो. रिक्षा पावसाळ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवता येते. घोड्याला मात्र कामाच्या दिवशी आणि बिनकामाच्या दिवशीही साधारण सहा किलो वैरण आणि चंदी लागते, वीस-तीस लिटर पाणी लागते, खरारा लागतो, नालबंद लागतो. मोसमातल्या कमाईवर बारा महिने जनावर पोसायचे, तर मालक दिवसाला दोन फेऱ्या जास्त मारणार आणि त्याचा ताण शेवटी त्या पाठीवरच येणार. पर्यटकाने भावात केलेली घासाघीसही तिथेच जाऊन पोहोचते.

रस्त्याचा वादही याच धाग्यात गुंतलेला आहे. पावसात वाहून जाणारी माती थोपवण्यासाठी मुख्य वाटेवर ठोकळे बसवले गेले. त्यांवर लोखंडी नाल घसरते, अशी घोडेवाल्यांची तक्रार होती; मातीचीच वाट राहू द्या, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळ्यांना मुभा दिली आणि आतल्या वाटा त्यांतून वगळल्या. त्यामुळे बाजारपेठेच्या पलीकडे, जांभळीच्या आणि अंजनीच्या झाडीतून तलावाकडे आणि कड्यांकडे जाणाऱ्या वाटा अजून मातीच्याच आहेत.

गोव्याहून जाणाऱ्याने कोकण रेल्वेने पनवेलला उतरून कर्जतमार्गे नेरळ गाठावे. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते. अमन लॉज ते माथेरान ही फेरी त्या काळातही चालू ठेवतात. रपेटीसाठी सकाळ बरी. घोडा ताजा असतो, ऊन नसते आणि नाक्यावर मुंबईच्या गाड्या पोहोचायच्या असल्यामुळे घोडेवाल्यालाही दोन शब्द बोलायला सवड असते. त्याला घोड्याचे नाव विचारावे, वय विचारावे. उत्तर बहुधा लांबलचक मिळते, आणि ते संपेपर्यंत तंग पुन्हा एकदा कसून झालेला असतो.