चार आणि चार, दोन!

श्रोतेहो, माझ्या भाच्यानं गाडीत स्वतःच दोन सबवूफर बसवले. द्वारका चौकातून मुंबई नाक्याला पोचेतो आवाज बंद, अॅम्प्लिफायर तव्यासारखा तापलेला. "मामू, माल खराब निघाला!" मी वाकून पाहिलं. प्रत्येक सबवूफर ४ ओहमचा. प्लसला प्लस, मायनसला मायनस असे समांतर जोडलेले. अशा जोडणीत ४ आणि ४ मिळून ८ होत नाहीत, २ होतात. कारण विजेला एकाऐवजी दोन वाटा मिळतात. कवीला अशी उलटी बेरीज आवडेल, यंत्राला नाही. अॅम्प्लिफायरवर 'किमान ४ ओहम' असं छापलेलं होतं. त्याला दुप्पट प्रवाह द्यावा लागला. एकामागे एक जोडले तर ८ ओहम होतात. ४ ओहमच्या मानानं ताकद साधारण निम्मी, पण धोका नाही. २ ओहमचे दोन घेतले असते, तर याच जोडणीत नेमके ४ भरले असते. भाच्यानं अॅम्प्लिफायर निवू दिला, तारा बदलल्या. तो वाचला होता. आवाज जरा कमी झालाय. शेजारी खूश आहेत.