नव्या शहरात जुनी वीज

मानखुर्द सोडून लोकल वाशीकडे निघाली की ठाण्याची खाडी लागते. खिडकीतून खाली पाहिलेत तर काठच्या चिखलात तिवरांची झाडे दिसतील. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून त्यांची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी वर डोकावतात. वर पाहिलेत तर गाडीला वीज पुरवणारी तार दिसेल. तिवर हे उत्क्रांतीचे फळ, तार हे माणसाच्या बुद्धीचे. दोघांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. पण या तारेचा इतिहास पाहू लागलो, की तो एखाद्या सजीवाच्या वंशावळीसारखा वाटू लागतो.

एक कोडे

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि मे १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली. भारतीय रेल्वेने त्याच्या कितीतरी आधी, १९५७ साली, नव्या विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्टच्या एसी म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाची निवड केली होती. तरीही वाशीच्या नव्याकोऱ्या रुळांवर तार आली ती १,५०० व्होल्टच्या डीसी म्हणजे दिष्ट प्रवाहाची! नव्या शहरात ही जुनी वीज का?

याचे उत्तर १९२५ सालात आहे. त्या वर्षी ३ फेब्रुवारीला देशातील पहिली विजेची गाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने धावली. ती १,५०० व्होल्ट डीसीवर चालत होती. ही निवड चुकीची नव्हती. लोकलला दर दोन-तीन मिनिटांनी थांबावे लागते आणि पुन्हा वेग घ्यावा लागतो. डीसीवर चालणारी मोटर सुरुवातीलाच जोरदार ओढ देते आणि तिचा वेग आवरणेही सोपे. एसीचे डीसी करणारी हलकी, खात्रीची यंत्रे त्या काळी डब्यात बसवण्याजोगी नव्हती. तेव्हाच्या परिस्थितीत डीसीच योग्य होती.

पुढे हीच हार्बर शाखा मानखुर्दपर्यंत वाढली आणि तिथून खाडी ओलांडून वाशीला आली. मुंबईहून निघालेली गाडी थेट वाशीला जायची, तर वीजही तीच हवी. म्हणजे वाशीला आपल्या पूर्वजांची वीज वारशाने मिळाली.

उत्क्रांतीची तीन सूत्रे

डार्विनचा प्रसिद्ध ग्रंथ १८५९ साली प्रकाशित झाला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. त्याच्या विचाराचे सार तीन शब्दांत सांगता येते : विविधता, वारसा आणि निवड. एका जातीचे सगळे जीव सारखे नसतात. त्यांचे गुण पिल्लांत उतरतात. आणि ज्यांचे गुण परिस्थितीशी जुळतात त्यांची संतती अधिक टिकते.

यंत्रांचेही असेच नाही का? एकाच कामासाठी अनेक रचना पुढे येतात. नवे यंत्र जुन्यावरूनच बेतले जाते. आणि खर्च, सुरक्षितता, गर्दी यांच्या कसोटीला उतरेल ते टिकते. परिस्थिती बदलली की कालचे योग्य आज अपुरे पडते. डीसीचे तेच झाले.

थोडे गणित करून पाहू. एका गाडीला १,५०० किलोवॅट शक्ती लागते असे समजा. १,५०० व्होल्टवर तिला १,००० अँपिअर प्रवाह लागेल, २५,००० व्होल्टवर फक्त ६० अँपिअर. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच तारेत डीसीचा तोटा सुमारे २७८ पट! म्हणून डीसीला जाड तारा लागतात आणि उपकेंद्रे जवळजवळ उभारावी लागतात. गर्दी वाढली, गाड्या लांब झाल्या, आणि ही व्यवस्था अपुरी पडू लागली.

दुरुस्तीसाठी बंद नाही

मग एका रात्रीत सगळे बदलून का टाकले नाही? कारण लाखो माणसांना रोज कामावर, शाळेत, दवाखान्यात पोहोचवणारी लोकल ‘दुरुस्तीसाठी दोन वर्षे बंद’ अशी पाटी लावू शकत नाही. आणि इथेच सजीवांशी तिचे खरे साम्य आहे. कोणताही प्राणी ‘फुप्फुसे तयार होईपर्यंत श्वास बंद’ असे म्हणू शकत नाही. उत्क्रांतीच्या प्रत्येक पायरीवर जीव जगलाच पाहिजे.

फुप्फुसमासा तुम्हाला माहीत असेल. त्याला कल्लेही असतात आणि फुप्फुसेही. लोकलच्या वंशावळीतही असा दुहेरी प्राणी होऊन गेला. तो म्हणजे एसी आणि डीसी या दोन्हींवर चालणारी गाडी. डीसीचा भाग संपला की मध्ये वीज नसलेला छोटा पट्टा येई. तेवढे अंतर गाडी आपल्या वेगानेच पार करी आणि पलीकडे एसीवर चालू लागे. अशा गाड्यांच्या आधाराने मुंबईतील तारा टप्प्याटप्प्याने बदलल्या. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २०१५ मध्ये पूर्ण झाले. सर्वांत शेवटी, एप्रिल २०१६ मध्ये, हार्बर मार्ग एसीवर आला. जिथे डीसीचा जन्म झाला तिथेच तिचा शेवट झाला. हार्बरवर नऊ डब्यांच्या जागी बारा डब्यांच्या गाड्या त्याच वर्षी धावू लागल्या.

चालता चालता बदल होतो तिथे जुन्या खुणा राहतात. जिराफाच्या स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू मेंदूतून निघून छातीपर्यंत खाली उतरतो, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालतो आणि पुन्हा मान चढतो. माशासारख्या पूर्वजात हा मार्ग सरळ होता. मान लांबली, वळसा तसाच राहिला. लोकलच्या दोन रुळांतील १,६७६ मिलिमीटरचे अंतरही असेच. वाफेची इंजिने गेली, डीसी गेली, पण हे माप १८५३ पासून तेच आहे.

याउलट १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेली बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची मेट्रो पाहा. तिला लोकलच्या रुळांवर धावायचे नव्हते. त्यामुळे ती पहिल्यापासून २५,००० व्होल्ट एसीवर चालते आणि तिच्या रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. पण तीही वारशातून सुटलेली नाही. हे माप इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींच्या गाड्यांपासून आलेले आहे!

साम्य कुठे संपते?

मात्र उपमा फार ताणू नये. सजीवांतील उत्परिवर्तने पुढचा विचार करून होत नाहीत. फुप्फुसमाशाला जमिनीवर जायचे आहे, असे कोणी ठरवले नव्हते. दुहेरी गाडी मात्र अभियंत्यांनी पुढचे पाहूनच बांधली. दुसरे असे, की प्राण्यांच्या दोन दूरच्या शाखा सहसा पुन्हा एकत्र येत नाहीत. जिवाणू परस्परांत जनुके देतात-घेतात, तो भाग वेगळा. पण आजच्या लोकलमध्ये रेल्वेचा डबा आणि अर्धवाहकांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सुखाने एकत्र नांदतात. आणि तिसरे, नष्ट झालेला डायनोसॉर परत येत नाही. विजेवरची मोटार मात्र १९०० च्या सुमारास रस्त्यावर होती, पेट्रोलपुढे मागे पडली आणि आता परत आली आहे.

तेव्हा एखादी जुनी, गैरसोयीची वाटणारी व्यवस्था दिसली, तर लगेच ‘ही कोणी केली?’ म्हणून हसू नका. ती कोणत्या परिस्थितीत जन्मली आणि तिच्यावर आज कोण अवलंबून आहे, हे आधी विचारा. तिच्यात बदल करण्याचा मार्ग त्या उत्तरातच सापडतो.

तुम्ही करून पाहा : घरातील चूल, दिवा, पंप किंवा टेलिफोन यांपैकी एक वस्तू निवडा. आजी-आजोबांना विचारून तिची वंशावळ काढा. कोणता गुण टिकला, कोणता गेला, आणि ‘फुप्फुसमासा’ कोणता, ते ओळखा. वर्गात आपापल्या वंशावळी शेजारी शेजारी लावा आणि एका शाखेने दुसरीकडून काय उसने घेतले ते शोधा.