दिग्बोई तेलक्षेत्र
दिग्बोई तेलक्षेत्र : व्यापारी प्रमाणावर उत्पादन देणारे भारतातील पहिले खनिज तेलक्षेत्र. ते आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात असून विस्ताराने लहान आहे. येथील पहिली फलदायी विहीर सु. २०२ मी. खोलीपर्यंत खणून १८९० मध्ये पूर्ण झाली. तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धकाळात क्षेत्राच्या भवितव्याचा विचार न करता उत्पादन दररोज सु. ७,००० बॅरलपर्यंत (१ बॅरल = सु. १५९ लि.) ताणण्यात आले. त्यानंतर ते घटत गेले. अशा क्षेत्रातील तेल संपूर्ण कधीच निघत नाही. तेलातील विरघळलेला वायू निघून जाऊन थरातील दाब ओसरला, की बरेचसे तेल वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांतच अडकून राहते. त्यामुळे भूगर्भात उरलेला साठा आणि काढता येण्याजोगा साठा हे भिन्न मानावे लागतात. येथील कारखाना अद्याप चालू असला, तरी त्याला मुख्यत्वे इतर क्षेत्रांतील तेल पुरवावे लागते.