ताऱ्यांची प्रत आणि भूकंपाची महत्ता

तारा किती तेजस्वी दिसतो हे सांगणाऱ्या मापाला मराठी खगोलशास्त्रात ‘प्रत’ म्हणतात. पण पाश्चात्त्य परंपरेत त्यासाठी रूढ झालेल्या ‘मॅग्निट्यूड’ या शब्दाचा मूळ अर्थ तेज नसून मोठेपणा असा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथात हजाराहून अधिक ताऱ्यांची सूची देताना सर्वांत ठळक तारे पहिल्या वर्गात आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या वर्गात घातले, आणि या वर्गाला ‘मेगेथॉस’, म्हणजे आकारमान, हा ग्रीक शब्द वापरला. लॅटिनमध्ये त्याचेच ‘मॅग्निट्यूडो’ झाले. तेजस्वी तारा नुसत्या डोळ्यांना खरोखरच मोठा भासतो, म्हणून सोळाव्या शतकात टायको ब्राहेसारख्या काटेकोर निरीक्षकानेही पहिल्या प्रतीच्या ताऱ्याचा दृश्य व्यास सुमारे २ कला, म्हणजे अंशाचा तिसावा भाग, मानला. दुर्बिणीने हा व्यास केवळ भास असल्याचे दाखवून दिले. शब्द मात्र राहिला.

पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख झालेले नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट फरक, असा नियम सुचवला, त्यामुळे एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट ठरला आणि मोजपट्टी शून्याच्या पलीकडेही नेता आली. व्याधाची प्रत उणे १.४६, तर सूर्याची सुमारे उणे २६.७ आहे. आकडा घटला की तेज वाढते, ही उलटी चाल नवशिक्याला गोंधळात टाकते, परंतु तिच्यामुळेच जुन्या सूचींशी आजच्या निरीक्षणांचे नाते तुटलेले नाही, हे तिचे मोल मोठे आहे.

कॅलिफोर्नियातील चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये भूकंपासाठी ‘मॅग्निट्यूड’ हाच शब्द खगोलशास्त्रातून उचलला, मात्र दिशा सरळ ठेवली: आकडा मोठा, तितका भूकंप मोठा. मराठीत त्याला ‘महत्ता’ म्हणतात. महत्ता एकाने वाढली की नोंदलेल्या कंपनांचा आयाम १० पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. महत्ता उगमाशी घडलेल्या घटनेचे माप असते, एखाद्या गावाला बसलेल्या हादऱ्याचे नव्हे, हा भेद महाराष्ट्राने तरी नीट जाणून घ्यायला हवा. कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची महत्ता ६ च्या थोडी वर असूनही, त्याचा उगम उथळ असल्यामुळे आणि घरे दगड-मातीच्या जड भिंतींची असल्यामुळे हजारो माणसे दगावली.